गाडीचे दात

आमच्या मिस्त्रीकडे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. लाकडी मूठ, वापरून वापरून काळी पडलेली. गाडी सुरू करायची, टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून तो अर्धा मिनिट ऐकतो. मग सांगतो, ‘टॅपेट आवाज देते’, नाहीतर ‘बेअरिंग चाललं’. नंतर ऑइलचं झाकण उघडून धूर येतो का ते बघतो, डिपस्टिक काढतो, ऑइल दोन बोटांत चोळून वास घेतो. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी लोकांनी जुन्या गाड्या घेतल्या त्या याच कानाच्या भरवशावर.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी नागपूरहून जुनी इलेक्ट्रिक कार आणली, तेव्हा सवयीनं तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आला. मी बॉनेट उघडलं, बटण दाबलं. डॅशबोर्डवर हिरवी अक्षरं उमटली. गाडी सुरू झाली होती, पण आवाज नव्हता. त्यानं टोक एका अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली, थोडा वेळ थांबला आणि सरळ उभा राहिला.

“मॅडम, ही तं काहीच बोलून नाही राह्यली. कान कुठं लावू?”

गेली तीसेक वर्षं गाड्यांशी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेला तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

माझी शाळा घरापासून बत्तीस किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे चौसष्ट. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नाहीत. पेट्रोल गाडीवर महिन्याला दहा हजारांच्या घरात खर्च जायचा, आता विजेचं बिल तीन हजारांच्या आत वाढतं. गाडी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. उलट रोजचा ठरलेला रस्ता, रात्री अंगणात उभी गाडी आणि घरचा पंधरा अँपिअरचा प्लग असलेल्या खेड्यातल्या माणसाला ही गाडी शहरातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा जास्त सोयीची आहे, असं माझं मत झालं आहे. तरीही गेल्या वर्षभरात ज्या ज्या ओळखीच्यांनी माझी गाडी बघितली, त्यांतल्या एकानंही घेतली नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: बॅटरी गेली तं?

माझ्या बाबांकडे बैल होते. बैल बघायला कुणी आलं की बाबा स्वतःच बैलाचा जबडा धरून ओठ वर करायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. समोरचे पक्के दात जोडीजोडीनं येतात. पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास येते आणि चार-पाच वर्षांत तोंड भरतं, त्यामुळे वयाबद्दल कुणी थाप मारूच शकत नाही. भाव मात्र रुमालाखाली ठरायचा. हातात हात घालून, बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. लहानपणी मला त्या रुमालाचंच कुतूहल होतं. आता कळतं की भाव झाकायला हरकत नव्हती, कारण दात सगळ्यांना उघडे होते. बाबांचा नियम ठरलेला होता. दात पाह्यल्याबिगर बैल घ्याचा नाही, अन् दाखवाले कां-कू करन त्याच्या दावणीपाशी थांबाचं नाही.

गाडी घेताना मी हा नियम मोडला.

विक्रेत्याकडे उभी असलेली गाडी २०२१ ची होती, ४१ हजार किलोमीटर चाललेली, पांढरी, स्वच्छ धुतलेली. टायर बघितले, काचा बघितल्या, विमा बघितला. बॅटरीचं विचारलं तर तो माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, “साहेब, एकदम टकाटक आहे.” मी म्हटलं, टकाटक म्हणजे किती टक्के? नवी असताना शंभर असेल तर आता किती? तो म्हणाला, ते सर्व्हिस सेंटरला कळतं. आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलानं स्टिअरिंगखाली केबल जोडली, लॅपटॉप उघडला, पंधरा-वीस मिनिटं काहीतरी बघितलं आणि एक कागद छापून दिला. त्यावर बॅटरीच्या ओळीपुढे दोनच अक्षरं होती: ओके.

मी म्हटलं, आकडा दिसतो ना तुम्हाला? तो अवघडला. चांगला मुलगा होता, खोटं बोलावंसं त्याला वाटत नव्हतं. म्हणाला, “दिसते ना मॅडम, पण कस्टमरले देता येत नाही. वरून नियम आहे.” लॅपटॉपची स्क्रीन त्यानं जराशी स्वतःकडे वळवली. ते वळवणं मला अजून आठवतं. आमच्या गावात आशाताई घरी आली तरी थर्मामीटर लावून ताप किती तो आकडा सांगते. ‘ताप ओके’ असं ती लिहून गेली तर कुणी ऐकून घेईल का?

तरीही मी गाडी घेतली. रोजच्या प्रवासाला कंटाळले होते आणि किंमत परवडणारी होती.

पहिला हिवाळा छान गेला. तूर कापणीला आली होती, सकाळी धुकं असायचं, गाडी चुपचाप त्यातून जायची. शंभर टक्क्यांवर दीडशे-एकशे साठ किलोमीटर सहज चालायची. मग एप्रिल लागला आणि दोन गोष्टी घडल्या.

पहिली चार्जिंगची. एके रात्री प्लग लावला आणि चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला. गाडीच्या स्क्रीनवर फक्त ‘चार्जिंग एरर’. काढून लावला, पुन्हा तेच. सकाळी फोन केला तर सर्व्हिस सेंटर म्हणालं, गाडी घेऊन या. गाडी चार्जच होत नाही तर आणू कशी? टोईंगचे साडेसहा हजार सांगितले. तेवढ्यात शेजारचे वायरमनदादा आले. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही. घरामागे अर्थिंगच्या खड्ड्याशी गेले, पायानं माती उकरली. आमची काळी कसदार माती, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्डा कोरडा ठणठणीत झाला होता. “दोन बादल्या पाणी टाका अन् मूठभर मीठ,” ते म्हणाले. पाणी टाकलं, ते भेगांमधून बुडबुडत खाली गेलं, माती काळीशार झाली. अर्ध्या तासानं प्लग लावला आणि हिरवा दिवा लागला.

आता तो खड्डा एप्रिल ते जून दर चार दिवसांनी भिजवायचा हे आमच्या घरचं कामच होऊन गेलं आहे, तुळशीला पाणी घालावं तसं. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्ज होत नाही ही सुरक्षेची चांगलीच सोय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की कारण गाडीला माहीत होतं. चार्जर अर्थिंग तपासतो, म्हणूनच तर तो थांबला. ‘अर्थिंग तपासा’ एवढे दोन शब्द स्क्रीनवर आले असते तर साडेसहा हजारांच्या टोईंगचं नावही निघालं नसतं. आणि वायरमनदादा घरी नसते तर मी ते पैसे भरले असते, शिवाय गावभर बोभाटा झाला असता की मॅडमची इलेक्ट्रिक गाडी उन्हानं बंद पडली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. नागपूरला भाचीच्या लग्नाची खरेदी करून मी, आई आणि धाकटी मुलगी परत येत होतो. नागपुरात चार्जिंग करायचा विचार होता, पण चार्जरपुढे रांग होती आणि गाडी आरामात घरी पोचेल असं स्क्रीन सांगत होती. कोंढाळी गेलं, कारंजा गेलं. तळेगावच्या अलीकडे बॅटरी २२ टक्के दाखवत होती. घर वीसेक किलोमीटरवर. मी निश्चिंत होते. मग चढावर एकदम २२ चे १६ झाले. मुलगी म्हणाली, आई, आकडा पळाला. दोन मिनिटांत ९. पाठोपाठ स्क्रीनवर पिवळं कासव उमटलं, गाडीची ताकद कमी झाली आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं जाऊ लागले. एसी बंद केला. आईला दम्याचा त्रास, ती पदरानं वारा घेत काही न बोलता बसली होती. तळेगाव फाट्यापर्यंत कशीबशी आले. एका धाबेवाल्यानं फ्रिजचा प्लग काढून आम्हाला दिला आणि तीन तास आम्ही त्याच्या खाटांवर बसलो. त्यानं चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

त्या तीन तासांत मला गाडीचा राग आला नाही. पण माझा तिच्यावरचा भरवसा गेला. २२ म्हणजे २२ नसेल तर ८० म्हणजे तरी ८० कशावरून?

सर्व्हिस सेंटरनं पुन्हा लॅपटॉप जोडला. पुन्हा ओके.

तेव्हा भाच्यानं ऑनलाइन एक छोटं यंत्र मागवलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ एक सोळा पिनांचा खाचा असतो, ओबीडी पोर्ट म्हणतात त्याला. पेट्रोल-डिझेल गाड्यांना तो प्रदूषण तपासण्याच्या नियमांमुळे आला. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचा, आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषणाच्या निकषांच्या काळात. म्हणूनच पेट्रोल गाडीचे ठरावीक आकडे कुठलाही मिस्त्री स्वस्तातल्या यंत्रानं वाचू शकतो, ते वाचता आलेच पाहिजेत असं कायदा सांगतो. इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही, म्हणून धुराचा कायदा नाही, म्हणून तिच्या बॅटरीचे आकडे कुठल्या भाषेत ठेवायचे हे ज्यानं त्यानं ठरवलं. खाचा तोच, पण आत बोलली जाणारी बोली प्रत्येक कंपनीची वेगळी. आमचं यंत्र पहिल्या दिवशी फक्त बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा आकडा दाखवून गप्प बसलं. भाच्यानं आठवडाभर शोधाशोध करून, माझ्यासारख्याच गाडीवाल्यांनी खटपटीनं उकललेले कोड फोनमध्ये भरले.

एका रविवारी सकाळी मिस्त्रीला बोलावलं. तो पुढच्या सीटवर, मी ड्रायव्हरच्या, भाचा मागून वाकलेला. यंत्रावर निळा दिवा लुकलुकला आणि फोनवर आकडे यायला लागले. एकाखाली एक, शंभराच्या आसपास ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे बॅटरीतला एक सेल, आकडा म्हणजे त्याचा व्होल्टेज. ३.२१४. ३.२१२. ३.२१५. ३.२१३. भाचा बोटानं सरकवत होता. मिस्त्री चष्मा काढून, फोन नाकाजवळ धरून वाचत होता. मध्येच त्याचं बोट थांबलं. “हे पाय.” ३.०९८. बाकी सगळे ३.२१ च्या आसपास आणि हा एकटा खाली. आणखी पुढे ३.१२१. ते दोघं मागे पडलेले होते. सगळ्यात वर लिहिलं होतं: बॅटरीची तब्येत ९१ टक्के.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. इंजिनातला आवाज सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते तेव्हा आलं. “बोलली ना जी,” तो म्हणाला.

पुढचं कोडं आम्ही तिघांनी मिळून सोडवलं. माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. टिकायला चांगली, सहजासहजी पेट न घेणारी, उन्हालाही इतर जातींपेक्षा बरी. पण तिचा एक स्वभाव आहे. मधल्या सगळ्या पट्ट्यात तिचा व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. विहिरीत किती पाणी आहे ते उघड्या पायऱ्या मोजून सांगता येतं. या विहिरीला पायऱ्याच नाहीत. म्हणून गाडीतला संगणक आत किती वीज गेली, बाहेर किती आली याचा जमाखर्च मांडतो आणि उरलेली शिल्लक आपल्याला टक्क्यांत दाखवतो. किराणा दुकानाच्या वहीसारखं. रोज पाच-दहा पैशांची चूक राहिली तर महिन्यानं वही आणि गल्ला जुळत नाही. जुळवायचा दिवस म्हणजे पूर्ण शंभर टक्के चार्ज करण्याचा दिवस. तिथे व्होल्टेज एकदम वर जातो, संगणकाला खरं काय ते कळतं, आणि मागे पडलेल्या सेलना बाकीच्यांच्या बरोबरीला आणायला वेळ मिळतो.

मी काय करत होते? कुणीतरी सांगितलं होतं की ऐंशीच्या वर चार्ज करू नये, बॅटरी टिकते. सल्ला दुसऱ्या जातीच्या बॅटरीचा होता. मी डिसेंबरपासून मेपर्यंत निष्ठेनं ऐंशीवर प्लग काढत होते. नागपूरच्या त्या दिवशीही ऐंशीवरूनच, आणि वाटेत जेवायला थांबलो तिथल्या चार्जरवरही पुन्हा ऐंशीपर्यंतच भरून निघालो होतो. सहा महिन्यांत वहीचा हिशोब पार बिघडला होता.

मग आम्ही सलग चार रात्री गाडी शंभरपर्यंत नेली आणि भरल्यावरही सकाळपर्यंत प्लग तसाच ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा वीस टक्क्यांवर येऊ दिली, यंत्र जोडलं. ३.०९८ वाला सेल ३.१९७ वर आला होता. त्यानंतर आजवर आकडा पळालेला नाही. खर्च शून्य. बॅटरी मुळात चांगली होती आणि गाडीला सगळं माहीत होतं. फक्त मला सांगायची तिला परवानगी नव्हती.

इथे मला माझ्या भावाचा कापूस आठवतो. सरकारी खरेदीत कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर दर टक्क्याला कपात, आणि १२ च्या वर घेत नाहीत. खासगी व्यापारीही तोच मीटर वापरतात. दोन वर्षांपूर्वी भाऊ एका जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी घेऊन गेला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं ढिगात मीटरची सळई खुपसली, आकडा बघितला, मीटर खिशात घातला आणि म्हणाला, अकरा. भाऊ म्हणाला, दाखव. तो म्हणाला, सांगितलं ना अकरा. रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची भांडायची ताकद संपलेली असते. तो अकराच्या भावानं कापूस रिकामा करून आला. पुढच्या हंगामात त्यानं आणि गावातल्या चौघांनी वर्गणी काढून स्वतःचा मीटर घेतला. घरी मोजून निघतात. त्या दिवसापासून जिनिंगवर त्यांचा कापूस कधी अकराचा निघाला नाही.

माझ्या गाडीच्या वॉरंटीत लिहिलं आहे: बॅटरी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. ऐकायला भक्कम. पण बॅटरी खराब झाली हे ठरवणार कोण? लॅपटॉप ज्यांच्याकडे आहे ते. बदलून द्यायची कुणाला? त्यांनाच. मीटर ग्रेडरच्या खिशात.

उन्हाचं आणि बॅटरीचं एक खरं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. निसान लीफ ही जगात मोठ्या संख्येनं विकली गेलेली सुरुवातीची इलेक्ट्रिक कार, २०१० च्या अखेरीस आलेली. तिच्या बॅटरीला पाण्यानं थंड ठेवायची सोय नव्हती. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे, उन्हाळा आपल्या चंद्रपूर-नागपूरसारखाच. २०१२ च्या सुमारास तिथल्या मालकांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवरच्या बारा रेघांपैकी एकेक रेघ गळते आहे. त्या रेघा चार्ज दाखवणाऱ्या नव्हत्या, बॅटरीची एकूण क्षमता दाखवणाऱ्या होत्या. लोकांनी आपापल्या रेघा मोजल्या, एकमेकांना सांगितल्या, गाड्या एकत्र आणून चालवून बघितल्या, कंपनीला जाब विचारला. आणि कंपनीनं वॉरंटीत क्षमतेची हमी घातली: पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांच्या आत बारांपैकी नऊ रेघांच्या खाली बॅटरी गेली तर ती दुरुस्त करून किंवा बदलून देऊ.

रेघा दिसत नसत्या तर? फिनिक्समधल्या प्रत्येकानं आपापल्या घरी बसून ‘गाडी हल्ली कमी चालते’ एवढंच म्हटलं असतं आणि सर्व्हिस सेंटरनं ओके छापून दिलं असतं. आपल्याकडे विदर्भात आज नेमकं तेच होतं. कुणाची गाडी उन्हानं खरोखर खराब झाली आणि कुणाची फक्त वही जुळत नाही, हे वेगळं सांगता येत नाही. मग चांगल्या गाडीचीही बदनामी होते आणि वाईट गाडीही ‘टकाटक’ म्हणून खपते. आपला आकडा बाहेर आला तर गाड्या खपणार नाहीत अशी भीती कंपन्यांना वाटत असेल, तर ती उलटी आहे असं मला मनापासून वाटतं. तळेगावच्या खाटेवर बसलेली बाई आणि ९१ टक्के वाचलेली बाई, या दोघींपैकी शेजाऱ्याला गाडी घे म्हणून कोण सांगेल?

इतर ठिकाणी हे कायद्यात आलं आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमात स्पष्ट लिहिलं आहे की बॅटरी ज्यानं विकत घेतली त्याला, किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणाला, तब्येतीचे आकडे वाचता आले पाहिजेत. ही तरतूद १८ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. ‘त्याच्या वतीनं दुसरा कुणी’ म्हणजे आमचा मिस्त्रीच की! १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला स्वतःचा डिजिटल पासपोर्टही सक्तीचा होतो आहे. कॅलिफोर्नियानं २०२६ च्या मॉडेलपासून चालकाला कुठल्याही यंत्राशिवाय गाडीतच बॅटरीची तब्येत दिसली पाहिजे, असा नियम २०२२ मध्ये केला होता, पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्याची परवानगी काढून घेतली. आणि संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२२ मध्ये एक जागतिक तांत्रिक नियम ठरला, तो मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तो मोजमापाबद्दल आहे. ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला निदान ८० टक्के, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजारला निदान ७० टक्के, आणि गाडी जी टक्केवारी दाखवते ती खरी आहे का ते तपासण्याची पद्धत. नाहीतर प्रत्येक कंपनी आपापला ९१ दाखवेल आणि दोन गाड्यांची तुलना होणार नाही. वजनाचा काटा तपासून शिक्का मारतात, तसं हे.

आपल्याकडेही विषय नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि गाडी तपासायची साधनं मिळू देत नाहीत, हाच मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. दिशा बरोबर आहे. पण पार्ट मिळणं आणि आकडा मिळणं यात आता फरक पडला आहे. इलेक्ट्रिक गाडीत पार्ट थोडे, आकडे जास्त. स्पॅनर असून उपयोग नाही, गाडीनं तोंड उघडलं पाहिजे.

कंपन्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. तीनशे-चारशे व्होल्टची बॅटरी, कुणीही उघडली तर जीव जाईल. बाहेरचं यंत्र जोडलं तर गाडी हॅक होईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. आमचा मिस्त्री जास्त व्होल्टच्या नारिंगी वायरला हात लावत नाही, मी लावू देणारही नाही. पण आम्ही पाहायचं मागतो आहोत, काही फिरवायचं नाही. वीज मंडळ मीटरच्या आत हात घालू देत नाही, तरी रीडिंग काचेतून दिसतंच.

आणि माझ्या गाडीत सिमकार्ड आहे. मी कुठे गेले, किती वेगानं गेले, रात्री किती वाजता प्लग लावला, हे सगळं रोज कुठल्यातरी सर्व्हरवर जातं. गाडी घेताना स्क्रीनवर एक लांबलचक इंग्रजी करारनामा आला होता, खाली ‘मान्य’ एवढंच बटण. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माझी कुठली माहिती घेतली आणि कुणाला दिली हे विचारायचा हक्क त्यात आहे, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. चांगलंच आहे. पण सेलचा व्होल्टेज ही माझी वैयक्तिक माहिती आहे का? उद्या वकील म्हणतील, ती बॅटरीची माहिती. म्हणून गाडीच्या आकड्यांसाठी वेगळी, साधी, एका ओळीची तरतूद हवी. गाडी ज्याच्या नावावर, आकडा त्याचा.

गेल्या महिन्यात मी पतसंस्थेत होते. माझ्या शाळेतला एक शिपाईदादा जुन्या इलेक्ट्रिक गाडीसाठी कर्ज मागत होता. मॅनेजर माणूस समजूतदार, पण म्हणाला, तारण कशाचं धरू? पेट्रोल गाडीचं मूल्यांकन आम्हाला जमते, याचं कोन करते? त्याचं चुकत नव्हतं. खेड्यातली बहुतेक माणसं नवी गाडी घेत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या हातची घेतात. काही कंपन्या आता आजीवन बॅटरी वॉरंटी देतात, ती पहिल्या मालकापुरती असते. ती आमच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्यापर्यंत गाडी पोचते तेव्हा तिच्याबरोबर कागद येतो तो दोन अक्षरांचा.

मी मॅनेजरला माझी वही दाखवली. शाळेतली जुनी हजेरीची वही आहे, तिच्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यंत्र जोडून मी आकडे लिहिते. तारीख, बाहेरचं तापमान, किलोमीटर, तब्येत, सगळ्यात वरचा सेल, सगळ्यात खालचा सेल, दोघांतला फरक. जून २०२५ पासूनच्या नोंदी. ९१, ९१, ९०.८, ९१, ९०.५. मॅनेजरनं पानं उलटली आणि विचारलं, हे त्याच्या गाडीचं मिळन का?

शिपाईदादानं बघितलेली गाडी अमरावतीला आहे. येत्या रविवारी जायचं ठरलं आहे. मिस्त्री अर्धा दिवस दुकान बंद ठेवणार आहे, भाचा यंत्र घेऊन येतो आहे, आणि बाबांनीही येतो म्हणून सांगितलं आहे. त्यांना ब्याऐंशी पूर्ण झाली, गाडीत बसून एवढ्या लांब ते हल्ली जात नाहीत. मी विक्रेत्याला फोन करून आधीच विचारलं आहे: स्टिअरिंगखाली यंत्र जोडू द्याल का, दहा मिनिटं? तो म्हणाला, मालकाला विचारून सांगतो. आज शुक्रवार, अजून फोन आलेला नाही. शिपाईदादानं इसार दिलेला नाही.